न उठणारे यंत्र : हैदराबादच्या संगणक-इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्याजवळ मी पदार्थविज्ञान शिकलो. शिकलो म्हणण्यापेक्षा त्यांच्या तासाला बसलो, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. शाळेची विजेची घंटा वर्षातून दोनदा तरी बंद पडे. गुरुजी ती मिस्त्रीकडे न पाठविता वर्गात आणीत, टेबलावर उघडीत आणि एकच प्रश्न विचारीत, "वीज कुठवर आली आणि कुठं थांबली?" मग बॅटरीपासून तारेपर्यंत, तारेपासून कळीपर्यंत, कळीपासून तांब्याच्या वेटोळ्यापर्यंत एकेक टप्पा आम्ही तपासत असू. मला गुण बेताचेच पडले आणि पुढे मी मराठीकडे वळलो. तो प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

यंदाच्या व्याख्यानासाठी मी विषय कळविला, तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनी करून विचारले की, लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना? मराठीचा निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर बोलेल, निजामी राजवटीतील मराठी शाळांवर बोलेल. सुरू न होणाऱ्या संगणकावर तो कशाला बोलेल? माझे खाजगी कारण शेवटी सांगेन. सार्वजनिक कारण आधी सांगतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक एका दिवसात आडवे झाले. निळा पडदा यावा, यंत्राने पुन्हा सुरू होऊ पाहावे आणि पुन्हा निळाच पडदा यावा, असे ते चक्र होते. आपल्या शहरातून कोलकात्याला निघालेल्या एका विमानप्रवाशाला त्या दिवशी हाताने लिहिलेला प्रवेशपास मिळाला आणि त्याचे छायाचित्र देशभर फिरले. दुरुस्ती तशी किरकोळ होती, एक फाइल काढून टाकावयाची. पण यंत्रच उठत नसल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती दुरून करता येईना. माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले. अशा बसणाऱ्या माणसांचा इतिहास कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

हैदराबादचा संगणक-इतिहास सांगणारे बहुधा नोव्हेंबर १९९८ मध्ये उद्घाटन झालेल्या सायबर टॉवर्सपासून आरंभ करतात. माझ्या मते ही कथा त्यापूर्वी तीस वर्षे सुरू होते, आणि तिच्यातील मोठा वाटा बंद पडलेली यंत्रे उठविणाऱ्यांचा आहे.

संगणक सुरू होणे ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. संगणकाने काय करावयाचे ते आज्ञावली सांगते. ही आज्ञावली स्मृतीत आणून ठेवण्याचे काम संगणकानेच करावयाचे. आणि ते कसे करावे, हे सांगणारी दुसरी आज्ञावली स्मृतीत आधीच असावयास हवी. ती कोणी आणली? नटाचा पोर कितीही तरबेज झाला तरी स्वतःच्या खांद्यावर स्वतः चढू शकत नाही, असा आपल्या शास्त्रकारांचा एक दृष्टान्त आहे. इंग्रजांनी हीच अशक्य कसरत बुटाच्या आधाराने सांगितली. घोट्यापर्यंतच्या जुन्या बुटांना मागे एक पट्टा शिवलेला असे. तोच धरून स्वतःला जमिनीवरून वर उचलावयाचे! संगणक 'बूट होणे' हा शब्दप्रयोग त्या पट्ट्यावरून आला. आपल्याकडे यंत्राबरोबर शब्द आला आणि पट्टा विलायतेतच राहिला. त्यामुळे माझ्या एका विद्वान सहकाऱ्याची अनेक वर्षे अशी समजूत होती की, संगणकाच्या खोलीत पादत्राणे बाहेर काढून जाण्याचा जो शिरस्ता होता, त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध असावा.

दृष्टान्तातील नटाच्या पोराला कोणीतरी बाहेरून पहिला हात द्यावा लागतो. केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी चालू झालेल्या एड्सॅक या संगणकात डेव्हिड व्हीलर याने तो हात यंत्रातच बसविला. टेलिफोनच्या केंद्रात वापरतात तशा फिरत्या कळांवर त्याने ३१ आज्ञा तारांनी कायमच्या जोडून ठेवल्या. बटन दाबताच त्या स्मृतीत उतरत आणि पुढची आज्ञावली कागदी फितीवरून वाचून घेत. आज आपल्या टेबलावरील संगणक पहिल्या क्षणी जे करतो, त्याचा मूळपुरुष हाच.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक घडला, तो १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. यांतील एक नळी मंदावली तरी उत्तर चुकणार किंवा यंत्र थांबणार. आणि २,७०० नळ्यांतील ती एक शोधून काढणार कोण? ज्यांनी यंत्र बांधले तेच. त्या काळी संगणक बांधणारा आणि दुरुस्त करणारा यांच्यात भेद नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तो भेद पडला आणि त्यातूनच आपल्या शहराचे प्रकरण उद्भवले.

होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये नेमलेल्या समितीने देशाने इलेक्ट्रॉनिक उपकरणे स्वतः बनवावीत असा आग्रह धरला. १९६६ च्या जानेवारीत भाभा विमान-अपघातात गेले. त्यानंतर एप्रिल १९६७ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आपण सर्व जिला ईसीआयएल म्हणतो ती कंपनी, हैदराबादेत उभी राहिली. तिचे शिल्पकार अय्यगारी सांबशिव राव. ए. एस. राव नगरात राहणाऱ्या किती जणांना आपल्या वसाहतीचे नाव कोणावरून पडले हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे. या कंपनीच्या पहिल्या संगणकाचे नाव टीडीसी-१२. यातील 'टी' म्हणजे ट्रॉम्बे. १९६९ मध्ये तयार झालेल्या या यंत्राची आखणी मुंबईच्या ट्रॉम्बेत झाली आणि निर्मिती हैदराबादला आली. मुंबईहून हैदराबादला आलेल्या मराठी कुटुंबांप्रमाणे त्याने माहेरचे नाव जपले. पुढे सत्तरच्या दशकात टीडीसी-३१२ आणि टीडीसी-३१६ हीही त्याच नावाने निघाली.

टीडीसी-१२ हा १२ बिटांचा होता. त्या पिढीच्या लघुसंगणकांच्या दर्शनी फळीवर कळांची एक रांग असे. कळ वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. पहिली आज्ञा कळांवर मांडावयाची, बटन दाबून स्मृतीत टाकावयाची, मग दुसरी, मग तिसरी. अशा डझन-दीड डझन आज्ञा हाताने घातल्या की यंत्राला कागदी फीत वाचण्यापुरते शहाणपण येई आणि पुढचे ते स्वतः पाहून घेई. या यंत्रांची स्मृती लोहचुंबकीय कड्यांची असल्याने वीज गेली तरी ती पुसली जात नसे. पण एखादी चुकार आज्ञावली त्या जागेवरून फिरली, की सारा पाढा पहिल्यापासून म्हणावा लागे. नित्य काम करणाऱ्यांना ही रांग संध्येसारखी पाठ असे आणि बोटे आपोआप चालत. बूट करणे ही क्रिया तेव्हा अक्षरशः हातची होती.

याच सुमारास देशातील मोठ्या कचेऱ्यांतून आयबीएम या अमेरिकन कंपनीची यंत्रे होती, त्यांत १४०१ या नमुन्याची पुष्कळ. ती बहुधा भाड्याने दिलेली असत. कार्ड वाचणाऱ्या यंत्रावर 'लोड' अशी एक कळ असे. ती दाबली की पहिले छिद्रित कार्ड वाचले जाई, त्यावरील आज्ञा दुसरे कार्ड ओढी आणि अशी माळ सुरू होई. माळ तुटली तर कंपनीचा माणूस येई, झाकण उघडी, दुरुस्त करी आणि जाई. भाडे भरणाऱ्याने आत काय आहे हे जाणून घेण्याची गरज नव्हती. घर भाड्याचे असले म्हणजे भिंतीतली ओल कुठून येते हे आपण शोधीत नाही, घरमालकाला निरोप धाडतो, तसेच हे.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागणार होता. आयबीएमला ते मान्य झाले नाही आणि १९७८ मध्ये तिने भारतातील कारभार गुंडाळला. कोकाकोला आणि आयबीएम गेल्याची गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण पेयाची बाटली संपली म्हणजे काही अडत नाही. यंत्रे मात्र इथेच राहिली, त्यांवर रोजची कामे चालत होती, आणि ती एखाद्या सकाळी उठली नाहीत तर निरोप धाडावयास घरमालक नव्हता.

ही वेळ येणार हे ओळखून डिसेंबर १९७५ मध्येच भारत सरकारने एक कंपनी स्थापन केली होती. तिचे नाव कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. माझ्यासारख्या शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला या नावाचे फार अप्रूप वाटते. निर्मिती, विकास, संशोधन, विज्ञान असले भारदस्त शब्द हाताशी असताना एका सरकारी कंपनीने स्वतःला 'देखभाल' म्हणवून घ्यावे! आयबीएम गेल्यावर ८०० हून अधिक ठिकाणच्या यंत्रांची देखभाल या कंपनीकडे आली. पुढे इतर विदेशी बनावटीच्या यंत्रांचीही आली. एका कारखानदाराच्या यंत्रावर वाढलेला तंत्रज्ञ त्याच कारखानदाराच्या तऱ्हा शिकतो. या मंडळींना मात्र नाना घराण्यांची यंत्रे उघडावी लागली. ज्याला एकच घराणे ठाऊक आहे त्याच्यापेक्षा चार घराणी ऐकलेल्याचा कान निराळा तयार होतो, हे गाण्यातले जाणकार मान्य करतील.

या कंपनीचे संशोधन व विकास केंद्र सिकंदराबादला झाले. रेल्वेच्या आरक्षणाची जी संगणकीय व्यवस्था १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, ती याच कंपनीने सिद्ध केली होती. रात्रभर रांगेत उभे राहून नांदेड-मनमाडची तिकिटे काढलेल्या माझ्या पिढीला तिचे मोल निराळे सांगावयास नको. दुरुस्तीतून मिळालेले ज्ञान निर्मितीच्या कामी कसे येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ऑगस्ट १९८४ मध्ये कंपनीने 'मेंटेनन्स' हा शब्द नावातून काढला आणि ती नुसती सीएमसी झाली. कामाचा व्याप वाढल्याने तसे करावे लागले, हे समजू शकते. तरी मला वाईट वाटते. २००१ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. आज ते नाव राहिलेले नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने टेबलावर मावणारा संगणक बाजारात आणला आणि दुरुस्तीची विद्या कचेरीतून बाजारात उतरली. या यंत्राच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक लहानशी चिप असे आणि तिच्यात बायोस नावाची आज्ञावली कायमची कोरलेली असे. व्हीलरच्या ३१ आज्ञांचे हे वाढलेले बाळ. यंत्र चालू करताच वीजपुरवठ्याचा डबा व्होल्टेज ठीक असल्याची खूण करतो. ती मिळाल्यावर प्रोसेसर एका ठराविक पत्त्यावर जाऊन बायोसची पहिली आज्ञा उचलतो. बायोस स्मृती, पडदा, की-बोर्ड यांची हजेरी घेतो. मग चकतीचा पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा ५१२ बाइटांचा, आणि त्याच्या शेवटी दोन ठराविक खुणा असाव्या लागतात. त्या दिसल्या तर यंत्राचा ताबा त्या कप्प्यातील आज्ञांकडे जातो आणि त्या पुढची सारी व्यवस्था उभी करतात. यांतील कोणताही टप्पा चुकला की यंत्र उठत नाही.

आणि येथे गुरुजींचा प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो : कुठवर आले आणि कुठे थांबले? पंखा फिरतो का? फिरत नसेल तर विजेचा डबा पाहा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर कान द्या. ही रचना मला फार आवडते. पडदाच बंद असेल तर तक्रार पडद्यावर कशी दाखविणार? म्हणून यंत्राला एक बारीक कंठ दिलेला होता. आयबीएमच्या यंत्रात एक आखूड शीळ म्हणजे सारे ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याच्या कार्डात दोष. पण एएमआय या कंपनीचा बायोस असेल तर संकेत निराळे. तेथे तीन आखूड म्हणजे स्मृतीत बिघाड. तेव्हा ऐकणाऱ्याला आधी ही बोली कोणत्या घराण्याची हे ओळखावे लागे. बोलींचा अभ्यास करण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे या विद्येकडे मी कधीच तुच्छतेने पाहू शकलो नाही.

मुंबईला लॅमिंग्टन रोड, दिल्लीला नेहरू प्लेस, तसे आपल्याकडे सिकंदराबादच्या पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटर. नव्वदच्या दशकात सुटे भाग जुळवून संगणक बनवून देणारी दुकाने तेथे दाटीवाटीने होती, आणि बंद पडलेली यंत्रे रिक्षातून मांडीवर घेऊन येणाऱ्यांची रीघ लागलेली असे. तेथे पदवीधर होते, तसे दहावी नापासही होते. भाषा तेलुगू, दखनी, हिंदी, आणि सर्वांवर शिंपडलेले इंग्रजी. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर फिरवावा आणि ती पुन्हा बसवावी, हा तेथला पहिला उपचार, आणि गंज चढलेल्या दातांवर तो बहुतेक वेळा लागू पडे. घड्याळाचा सेल संपला तर यंत्र तारीख विसरते, जुन्या यंत्रांत तर आपल्याला चकती कोणती जोडली आहे हेही विसरते; नवा सेल घालावा. २००० नंतरच्या काही वर्षांत मदरबोर्डवरील कपॅसिटर डोक्याला फुगून फुटत. त्यांतील रसायनच निकृष्ट होते आणि तो दोष जगभर पसरला होता. पार्क लेनची पोरे फुगलेले नळकांडे उपटून नव्याला डाख देत. तांबट आळीतला शब्द या कामाला तंतोतंत लागतो.

याखेरीज न उठण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते मनुष्यनिर्मित होते. चकतीच्या पहिल्या कप्प्यात जे बसेल त्याच्या हाती यंत्राचा ताबा येतो, हे ध्यानात आल्यावर काही मंडळींनी तेथे आपलेच बाळ बसविले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी केलेला 'ब्रेन' हा या जातीचा प्रारंभीचा विषाणू. १९९० मध्ये भारतात जो सापडला त्याचे नाव ऐकून आपण हसाल. त्याचे नाव 'जोशी'. हा ५ जानेवारीला यंत्र अडवून धरी आणि आपल्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करून द्याव्यात अशी मागणी करी. 'हॅपी बर्थडे जोशी' असे इंग्रजीत लिहिले की निमूटपणे वाट सोडी. आमच्या ओळखीतील समस्त जोशी मंडळींना त्यावरून बरीच थट्टा सोसावी लागली. ६ मार्च १९९२ रोजी उठणाऱ्या 'मायकेलअँजेलो'ने मात्र जगभर भीती पसरविली; तो चकतीवरील मजकूरच उधळून टाकी. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून आरंभ केलेल्या कैलास काटकर यांनी आणि त्यांचे बंधू संजय यांनी याच काळात विषाणूंवर उतारा शोधण्यास घेतले. १९९३ मध्ये निघालेल्या त्यांच्या छोट्या कंपनीतून पुढे क्विक हील हे नाव देशभर झाले. तेथेही मूळ दुरुस्तीच्या टेबलावरच सापडते.

आता माझे खाजगी कारण.

१९८३ पासून मी हैदराबादच्या जुन्या मराठी कुटुंबांतील बोली टिपीत होतो. शालीबंडा, गौळीगुडा, काचीगुडा येथील वाडे, त्यांतल्या आजीबाई, दप्तरी कारकून, निजामी शाळांतून शिकलेले वृद्ध शिक्षक. हेडमास्तरांना 'सदर मुदर्रिस' आणि शाळा-तपासनिसाला 'मोहतमीम तालीमात' म्हणणारी ती शेवटची पिढी. शब्दागणिक एक कार्ड : शब्द, अर्थ, कोणी उच्चारला, कुठे, केव्हा. अशी नऊ हजारांवर कार्डे झाली. १९९६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन मी संगणक जुळवून घेतला, एका विद्यार्थ्याकडून सारी कार्डे टंकित करून घेतली, अक्षरागणिक एक फाइल केली. आणि १९९८ च्या दिवाळीआधी घराला रंग लावण्याच्या वेळी मी ती कार्डे रद्दीत दिली. "एकदा विचार करा," असे पत्नी म्हणाली होती. दोन फ्लॉप्यांवर प्रती होत्या. पावसाळ्यात त्यांवर बुरशी आली. मी त्या नव्याने केल्या नाहीत.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. सुटीचे दिवस. सकाळी यंत्र लावले, ते थोडे चालले आणि गोठले. पुन्हा लावले. पंखा फिरत होता. पडदा काळा, शीळ नाही. त्या दिवशी काय झाले ते पुढे वर्तमानपत्रांतून सर्वांना कळले. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने केलेला सीआयएच नावाचा विषाणू, ज्याला लोक चेर्नोबिल म्हणू लागले, तो त्या तारखेला जागा होई. तो चकतीचा आरंभीचा भाग पुसून टाकी, आणि काही जातींच्या मदरबोर्डवर बायोसची चिपही खोडून टाकी. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात त्याने लाखो यंत्रे बंद पाडली. यंत्राला पहिला हात देणारी आज्ञावलीच नाहीशी झाली म्हणजे ते कण्हतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते मांडीवर घेऊन पार्क लेनला गेलो. दुकानातला मुलगा विशीचा असेल. त्याने प्रथम विचारले, "आवाज आती क्या, साब?" नाही म्हटल्यावर त्याने रॅम पुसली, कार्ड बदलले, डबा बदलला. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि मागे रचलेल्या सात-आठ यंत्रांकडे बोट केले. "परसों आओ." हैदराबादच्या बोलीत 'परसों' म्हणजे दहा वर्षांपूर्वीची गोष्टही असू शकते, हे आपण जाणता, मी धास्तावलो. पण गुरुवारी गेलो तेव्हा त्याने माझ्याच यंत्रासारखा एक धडधाकट मदरबोर्ड मिळविलेला होता.

त्याने तो मदरबोर्ड चालू केला. यंत्र उठले. मग, वीज चालू असतानाच, त्याने त्याची बायोसची चिप सपाट पेचकसाने उचकटून काढली. मी मध्ये पडणार होतो. पण त्याला पक्के ठाऊक होते की, एकदा उठलेल्या यंत्राने ती आज्ञावली रॅममध्ये उतरवून घेतलेली असते. त्या रिकाम्या खोबणीत तो माझी पुसलेली चिप बसवू लागला. ३२ पाय, एखादा वाकला वा शेजाऱ्याला टेकला तर दोन्ही यंत्रे गेली. मी वाकून पाहताना टेबलाला धक्का लागला. तो वर न पाहता म्हणाला, "हल्लू, साब, हल्लू." चिप बसली. त्याने एक छोटी आज्ञावली चालविली आणि माझ्या चिपवर बायोस पुन्हा लिहिला गेला. दृष्टान्तातल्या पोराला दुसऱ्याच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर चढविले, असेच ते होते.

चकतीचे काम अधिक बिकट होते. आरंभीचा भाग पुसला गेल्याने फाइली कुठे आहेत याची वहीच नाहीशी झाली होती. त्या वहीची दुसरी प्रत चकतीवर पुढे असते, तिच्या आधाराने त्याने तीन दिवस शोध घेतला. अठ्ठेचाळीस फाइलींपैकी एकतीस मिळाल्या. अक्षरे प्रथम भलतीच उमटली, कारण त्या काळी प्रत्येक मराठी फाँटची सांकेतिक मांडणी वेगळी असे. फाँट पुन्हा बसविल्यावर ती वाचता आली. पुढे युनिकोडमध्ये आणताना पुन्हा तोच खटाटोप करावा लागला. त्याने साडेतीनशे रुपये घेतले आणि चहा पाजला.

सतरा फाइलींत कोणते शब्द होते, हे मी सांगू शकत नाही. त्यांची यादी म्हणजे त्या फाइलीच. ज्यांच्याकडून ते घेतले त्यांतील बहुतेक तेव्हाच हयात नव्हते. कधी एखाद्या लग्नात कोणी वृद्ध बाई बोलता बोलता एखादा शब्द टाकून जातात आणि मला वाटते, हा माझ्याकडे होता. मग घरी येऊन मी तो लिहून ठेवतो. हे काम मी पुन्हा कार्डांवर करतो, आणि संगणकावरही. प्रत तिघांकडे ठेवतो.

गेलेल्या फाइलींत 'ह' होता. दखनीने मराठीकडून जे शब्द उचलले, त्यांपैकी 'नक्को' सर्वांना ठाऊक आहे. तो 'न'मध्ये होता आणि वाचला. 'ह'चे पहिले नवे कार्ड मी त्या गुरुवारी रात्री लिहिले. त्यावर असे आहे :

हल्लू. मराठी 'हळू'. सावकाश, जपून. वक्ता : संगणक दुरुस्त करणारा तरुण, वय अंदाजे वीस. पार्क लेन, सिकंदराबाद. २९ एप्रिल १९९९.